मास्क आधी, प्रश्न नंतर

बोईसर स्टेशनच्या रिक्षा थांब्यावर जी माणसं तिसऱ्या सीटसाठी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तीच माणसं विमानात बसली की साहेब होत असतील अशी माझी समजूत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसायला गेलो आणि ती समजूत गेटवरच्या रांगेत मोडली. एक जण फोनचा स्पीकर लावून मेहुण्याशी भांडत होता. दोन बायका रांग नावाची गोष्ट जन्मात पाहिली नसावी अशा सरळ पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी बोललो. त्यातली एक म्हणाली, विमान काय आम्हाला टाकून जाणार आहे का? मी म्हटलं, प्रश्न विमानाचा नाही, तुमच्या लाजेचा आहे.

"अवो," सपना माझी बाही ओढत म्हणाली, "ह्यो तुमचा कारखाना नाय. गप उबं राव्हा."

सपना माझी बायको. आम्ही कुंभवलीचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात मी सव्वीस वर्षं काटे आणि बटणं सांभाळणारा पॅनेल ऑपरेटर आहे. गेली काही वर्षं कामगारांना सुरक्षिततेचे धडे देण्याचं कामही माझ्याकडेच आहे. हेल्मेट नाही, गॉगल नाही, चपला घालून प्लांटमध्ये आला, असा कुणी दिसला की मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढतो. पोरं मला मागून हेडमास्तर म्हणतात. म्हणू देत. हेडमास्तर म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. त्यांचे हातपाय जागेवर आहेत ना, मग झालं.

आम्ही हैदराबादला चाललो होतो ते सपनाच्या छातीसाठी. सात वर्षांपूर्वी वसाहतीत वायुगळती झाली, तो वायू तिच्या छातीत गेला आणि तेव्हापासून तिला पुरता श्वास मिळालेला नाही. जिना चढायचा म्हटलं तरी मध्ये बसावं लागतं. फोडणीचा ठसका लागला की अर्धा तास जातो. पालघर झालं, वापी झालं, मुंबई झाली. आमची मुलगी उत्कर्षा हैदराबादला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. तिने चार महिने खटपट करून छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली होती. गुरुवारी दुपारी दोन. त्यानंतर डॉक्टर दोन महिने परदेशात जाणार होते. रेल्वेने गेलो तर डब्यातल्या गर्दीत हिचं कसं होणार, म्हणून तिनेच विमानाची तिकिटं काढली. "बाबा, उशीर नको आणि भांडण नको," असं तीनतीनदा बजावलं. पोरगी बापाला ओळखते.

खिडकीशी सपना, मध्ये मी आणि माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी. सपनाने पट्टा लावला, पदर नीट घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "केवडा मोठा पंखा हाय ओ. आपल्या घराएवडा." मी तिच्याकडे बघत राहिलो. सात वर्षांत इतका उजळलेला चेहरा मी पाहिला नव्हता. दवाखान्याला चाललेली बाई, पण नव्या नवरीसारखी बसली होती.

केबिनमधली मुलगी सूचना द्यायला उभी राहिली. एवढ्या माणसांत तिच्याकडे बघणारा मी एकटाच असेन. बाकीचे मोबाईलमध्ये मान घालून बसलेले. मला त्या पोरीची दया आली. मॉकड्रिलच्या दिवशी माझीही तीच गत असते. ती दाखवत होती, गरज पडली तर वरून मास्क खाली येईल, आधी स्वतःला लावा, मग शेजाऱ्याला. आमच्या कारखान्यात हाच धडा आम्ही आमच्या भाषेत शिकवतो. मास्क आधी, प्रश्न नंतर. वास आला की काय झालं, कुठे झालं, चूक कोणाची, असलं काही विचारत उभं राहायचं नाही. भिंतीवरच्या पेटीची काच फोडायची, मास्क काढायचा आणि लावायचा. काच का फोडली म्हणून आजवर एकालाही मेमो मिळालेला नाही. हा धडा मीच पाठ करून घेतो, नव्या पोरांकडून ओरडून ओरडून म्हणवून घेतो.

पुढच्या रांगेत, बरोबर सपनाच्या समोर, एक पोरगा बसला होता. पंचविशीचा असेल. अंगात टोपीचा सदरा, कानात बोंडं. विमान अजून जमिनीवर होतं तेव्हाच त्याने खुर्ची मागे पाडली. मुलगी येऊन सरळ करून गेली. ती गेली तशी याने पुन्हा पाडली. मी पुढे वाकून म्हटलं, "ओ भाऊ, तिने सांगितलेलं मराठीत सांगू का हिंदीत?" त्याने कानातलं एक बोंड काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत घातलं.

"लेकाचा बहिरा," मी म्हटलं.

"आन् तुमी मुके आसतात तर बरा झाला आसता," सपना म्हणाली आणि हसली.

वर गेल्यावर अर्धा तास बरा गेला. मग मला वास आला.

आमच्या वसाहतीतल्या माणसांची नाकं वेगळी. कुंभवलीत दारात बसलेली म्हातारीही सांगेल, आज कुठल्या बाजूच्या कारखान्याने काय सोडलंय. हा वास गोड होता, पिकल्या आंब्यासारखा, पण खाली काहीतरी तेलकट. पुढच्या पोराने सदऱ्याच्या गळ्यात तोंड खुपसलं होतं. मान वर आली तेव्हा खिडकीकडून पांढरी वाफ मागे आली. हातात ती पेनासारखी इलेक्ट्रिक सिगरेट.

सपना खोकली. एकदा, दोनदा.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता मात्र गोडीत बोललो, देवाशपथ गोडीत बोललो. "बेटा, माझ्या बायकोच्या छातीला त्रास आहे. हे बंद कर. नियमातही बसत नाही."

तो वळून म्हणाला, "अंकल, थोडासा तो है. स्मोक भी नहीं है, भाप है. इससे किसको क्या होता है?"

थोडंसं तर आहे. कुणाला काय होतंय.

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. का, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला मला जड जाईल.

सात वर्षांपूर्वी ती गळती झाली तेव्हा पॅनेलवर मी होतो. दुसरी पाळी, संध्याकाळचे पाच वाजले असतील. आमच्या एका टाकीचा दाब वाढला की बझर वाजायचा. तो बिघडलेला होता. काही नसलं तरी दर दहा मिनिटांनी कोकलायचा. बटण दाबलं की गप्प, हात काढला की पुन्हा सुरू. डोकं उठायचं. मग कुणीतरी युक्ती काढली आणि तिन्ही पाळ्यांनी उचलली. कागदाची घडी घालायची आणि बटणाच्या कडेला खोचायची, म्हणजे बटण दाबलेलं राहतं. दुरुस्तीचा अर्ज केलेला होता, माणूस यायचा होता. त्या दिवशी कागद मी खोचला होता. शेजारी बसणारा धर्माजी म्हणाला, कमलेश, काढ रे तो. मी म्हणालो, थोडा वेळ तर आहे, काय होतंय?

बझर वाजला नाही, म्हणून मी गावाला इशारा देणाऱ्या भोंग्याचं बटण दाबलं नाही. कळलं तेव्हा वीस मिनिटं गेली होती आणि वारा कुंभवलीकडे होता. अकरा माणसं दवाखान्यात गेली. दहा घरी आली ती बरी होऊन. अकरावी सपना. चौकशीत निघालं की पाइपच्या जोडातलं गॅस्केट फुटलं. ते खरंच होतं. कागद मी त्याआधीच काढून खिशात टाकला होता. धर्माजी काही बोलला नाही, पुढच्या वर्षी निवृत्त झाला आणि गावी गेला. मी हेडमास्तर झालो.

सपनाला यातलं मी काही सांगितलं नाही. तिचा श्वासाचा पंप भरून आणला, वाफारे दिले, पाठीला तेल चोळलं, पण सांगितलं नाही. हैदराबादचा डॉक्टर तिला बरं करील, आणि ती बरी झाली की मग सांगण्याची गरजच उरणार नाही, असा माझा हिशेब होता. माणूस मनातल्या मनात किती स्वस्तात सुटतो.

तर, मी बेल दाबली. मुलगी आली, तिने त्या पोराला समज दिली. त्याने "सॉरी, सॉरी" म्हणत ती कांडी खिशात घातली. ती वळल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याच्या घरी चोरी केली होती. मी पाण्याची बाटली उघडून सपनाला दिली. तिने पंप ओढला. खोकला थांबला.

मग विमान हलायला लागलं. पट्ट्याची खूण पेटली. हवा खराब आहे, सगळ्यांनी बसून राहावं, कर्मचाऱ्यांनीसुद्धा, असं सांगितलं. विमान एकदा असं खाली गेलं की मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पुढचा पोरगा बहुतेक घाबरला असावा. मुली आपापल्या जागी बसल्यात, कुणी येणार नाही, हेही त्याने पाहिलं असेल. त्याने टोपी डोक्यावर ओढली, आत तोंड घातलं आणि एकामागून एक झुरके मारले. खुर्चीच्या आणि खिडकीच्या फटीतून ती सगळी वाफ सपनाच्या तोंडावर आली.

या वेळी ती खोकली नाही. खोकायला लागतो तो श्वासच तिला मिळेना. तिने माझं मनगट धरलं. मी पंप तोंडाला लावला, एकदा, दोनदा. तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. ओठांचा रंग मला माहीत आहे, तो बदलला की किती वेळ उरतो तेही माहीत आहे. मी बेल दाबली. पुन्हा दाबली. दाबतच राहिलो. पुढून आवाज आला, "सर, बसून राहा, पट्टा काढू नका!" मी ओरडलो, "हिला श्वास येत नाही!" विमान पुन्हा आदळलं आणि माझं ओरडणं दहा जणांच्या ओरडण्यात गेलं.

पुढचं मी केलं असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. हातांनी केलं. सव्वीस वर्षं जे हातांना शिकवलं ते. मी पट्टा काढला, उभा राहिलो आणि डोक्यावरच्या झाकणाच्या फटीत घराची किल्ली घातली. ते काही काचेची पेटी नव्हे, पण मला त्या घटकेला ती पेटीच दिसत होती. किल्ली दोनदा निसटली, बोट फाटलं. तिसऱ्यांदा झाकण उघडलं आणि पिवळे मास्क नळ्यांसकट खाली लोंबले. मी एक ओढला आणि सपनाच्या नाकातोंडावर धरला.

मास्क ओढला की वर रसायन पेटतं आणि त्यातून प्राणवायू तयार होतो, हे कागदावर मी कधीतरी वाचलं होतं. ते तापतं आणि जळका वास येतो, हे मात्र आठवलं नाही. वास सुटला. कुणीतरी "आग! आग!" म्हणून किंकाळी मारली. माणसं पट्टे काढून उभी राहिली, एक बाई मूल घेऊन मागे पळाली आणि विमानाच्या हिसक्याने खुर्चीच्या दांडीवर आपटली. तिच्या कपाळातून रक्त आलं. केबिनमधल्या दोन मुली खुर्च्या धरत धरत आल्या, एकीच्या हातात आग विझवायचं नळकांडं, दुसरीच्या हातात प्राणवायूची छोटी बाटली. ती बाटली घेऊन ती आधीच निघाली होती. माझं ओरडणं तिने ऐकलं होतं. दोन मिनिटं, फार तर तीन मिनिटं मी थांबलो असतो तर ती पोचली असती.

"सर, हे तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली.

"मास्क आधी," मी म्हटलं.

पुढचा पोरगा वळून बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजूबाजूची माणसं मात्र आता जागी झाली. याला खाली उतरवा, याला बांधून ठेवा, वेडा आहे, दारू प्यायलाय. गेटवर रांग मोडणारी ती बाई सगळ्यांत मोठ्याने बोलत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं ओठांवर आलं होतं, पण त्या कपाळ फुटलेल्या बाईकडे लक्ष गेलं आणि मी खाली बसलो. मूल रडत होतं. तिच्या जखमेवर कुणीतरी रुमाल धरला होता. माझ्यामुळे.

सपनाला बाटलीवरचा मास्क लावला. हळूहळू शिट्टी कमी झाली, ओठ पुन्हा ओठांसारखे दिसायला लागले. ती डोळे मिटून होती. उतरेपर्यंत तिने माझ्या हातात हात दिला नाही. थकली असेल असं मी स्वतःला सांगितलं.

हैदराबादला सगळे उतरल्यावर आम्हाला उतरवलं. कपाळ फुटलेल्या बाईला विमानतळाच्या दवाखान्यात नेलं होतं. सपनाला चाकाच्या खुर्चीत बसवलं, बरोबर बाटली आणि एक डॉक्टरीणबाई. तिने तपासून सांगितलं, आता ठीक आहे, आपल्या डॉक्टरांकडे नेऊ शकता. मला आणि त्या पोराला सुरक्षावाल्यांच्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाईंनी सपनाला बाहेर उत्कर्षाकडे पोचवते म्हटलं, तर ती मान हलवून नाही म्हणाली. जिथे हे, तिथे मी. मला भरून आलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. उत्कर्षाचे फोनवर फोन येत होते आणि मला उचलायची परवानगी नव्हती.

अधिकारी बाई शांत होत्या. हिंदीत बोलत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, सपनाचे रिपोर्ट पाहिले, कारखान्याचं ओळखपत्र पाहिलं. म्हणाल्या, "तुमची घबराट मी समजू शकते. पण विमानातल्या वस्तूला हात लावलात आणि एक बाई जखमी झाली, हा गुन्हा लहान नाही. झालं ते लिहून द्या, माफी लिहा. पुढे काय करायचं ते विमान कंपनीची समिती ठरवेल. आज मी तुम्हाला रुग्णाबरोबर जाऊ देते." मग त्यांनी दुसरा कोरा कागद सपनापुढे सरकवला. "या मुलाविरुद्ध कंपनी आपली कारवाई करेलच. पण ज्यांना त्रास झाला त्यांनी लेखी तक्रार दिली तर मी याला आत्ता पोलिसांकडे देईन."

पोरगा कोपऱ्यात उभा होता. केतन नाव. कांडी टेबलावर ठेवलेली. तो रडत होता, चांगला हुंदके देऊन. उद्या त्याची नव्या नोकरीची पहिली हजेरी होती. "आंटी, मला खरंच माहीत नव्हतं," तो मराठीत म्हणाला. इतका वेळ हिंदी झाडत होता, आता मराठी आठवली. "मला वाटलं, थोडंसं आहे…"

मी तो कागद ओढून घेतला. "मी लिहितो, तू फक्त सही कर," मी सपनाला म्हटलं. "याला सोडायचं नाही. थोडंसं म्हणे! दुसऱ्याच्या छातीत विष भरायचं आणि वर माहीत नव्हतं म्हणायचं. अशा माणसाला अद्दल घडलीच पाहिजे. आज सोडला तर उद्या हा कुणाचा तरी जीव घेईल. मी सांगतो तुला, असली माणसं…"

"लिवू नका," सपना म्हणाली.

तिने मास्क स्वतःच्या हाताने खाली केला होता.

"का? सोडून द्यायचं याला?"

"याला सोडू नको सांगता." ती थांबली, श्वास घेतला. "मंग मी सात वर्सं कोनाला सोडलंय?"

खोलीत पंखा फिरत होता. अधिकारी बाईंना मराठी कळत नव्हतं, त्या कागद लावत होत्या. मी पेन धरून बसलो.

"त्या दिशी भोंगा वाजला नाय," सपना म्हणाली. एकेक वाक्य, मध्ये श्वास. "मी वांग्याच्या वाफ्यात व्हती. आदी वास आला. आपल्याकडं बारक्या पोराला पन ठावं हाय, आदी भोंगा, मंग वास. भोंगा आयकला की आडव्या वाऱ्याला पळायचा. मी भोंग्याची वाट बघत उबी ऱ्हायली. म्हटला, भोंगा नाय म्हंजे कायतरी बारीक आसंल. आन् पॅनेलवर तर आमचे हे हायत. ते वाजवल्याबिगर ऱ्हायचे नाय."

"सपना…"

"बोलू द्या. मला लई बोलता येत नाय." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. "तुमी झोपलेलात का, पळून गेलेलात का, का झाला, मला ठावं नाय. मी इचारला नाय. म्हटला, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. तुमी मला पानी दिला, तेल लावला, समदा केला. आन् जगाच्या चुका सांगत फिरलात. कोनी हेल्मेट घातला नाय, कोनी रांग मोडली. मला वाटायचा, आता घरी येऊन सोताची पन सांगतील."

"कागद," मी म्हटलं. "बटणात कागद खोचला होता. बझर सारखा वाजायचा, म्हणून."

"कसला कागद?"

"कॅन्टीनची चिठ्ठी होती. घडी घालून."

"केवडा?"

मी दोन बोटांच्या मध्ये अंतर धरून दाखवलं. नखाएवढं. ती त्या बोटांकडे खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, त्या परक्या खोलीत माझ्या थोबाडीत मारील. तिने केतनकडे पाहिलं.

"जा रे," ती त्याला म्हणाली. "तुज्या आईला फोन कर. ती काळजीत आसंल."

तो कुठे जाणार, त्याला अजून कंपनीवाले नेणार होते. पण त्याने दोन्ही हात जोडले. मी माझ्या माफीच्या कागदावर सही केली. काय लिहिलं होतं ते आता सांगता येणार नाही. दुसरा कागद कोराच परत दिला.

खुर्ची ढकलणारा माणूस आला. दारापाशी सपनाने त्याला हाताने थांबवलं आणि मान न वळवता म्हणाली, "डाक्टर इचारंल, ह्ये कसा झाला. दरखेपेला मीच सांगते, वायू सुटला म्हनून. आज मी नाय सांगनार. तुमी सांगा."

"तिथं उत्कर्षा असेल गं."

"व्हय. तिला पन आयकू दे."

बाहेर उत्कर्षा धावत आली. आईच्या गालाला हात लावला, माझ्या बोटाची पट्टी पाहिली, कपाळाला हात मारला. "बाबा, काय केलंत? एक दिवस, फक्त एक दिवस शांत बसायला सांगितलं होतं!" रागावलेली होती आणि तरी माझी पिशवी तिने आपल्या खांद्यावर घेतली. गाडीत सगळी वाट ती त्या पोराला शिव्या देत होती. बाबांनी झाकण उघडलं ते चुकलंच, पण आईसाठीच उघडलं ना, दुसरा कुणी नवरा उठला असता का, असंही म्हणाली. मी बाहेर बघत होतो. सपना डोळे मिटून होती. मला वाटत होतं, सिग्नल लागावेत, गाडी बंद पडावी, दोन वाजून जावेत. इतक्या खटपटीने मिळवलेली वेळ टळावी असं मला मनापासून वाटत होतं. मी हे लपवत नाही.

आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो.

डॉक्टर वयस्कर होते, हळू आवाजाचे. त्यांना इंग्रजी आणि तेलुगू येत होतं, हिंदी जेमतेम. म्हणून उत्कर्षा आमच्या मध्ये बसली, आमचं मराठी त्यांना आणि त्यांचं इंग्रजी आम्हाला सांगायला. त्यांनी सपनाची छाती पुढून मागून तपासली, जुने फोटो दिव्यावर धरून पाहिले आणि खुर्चीत टेकून काहीतरी विचारलं.

"आई, ते म्हणतायत, हे सुरू कसं झालं ते पहिल्यापासून सांगा. कुठला वायू, किती वेळ, तू तिथून लगेच का निघाली नाहीस."

सपनाने तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, एवढंच.

मी सांगायला लागलो. माझी दुसरी पाळी होती. उत्कर्षाने इंग्रजीत सांगितलं. मी पॅनेलवर होतो. तिने तेही सांगितलं, भराभर, नेहमीच्या सवयीने. बझर बिघडलेला होता, वारंवार वाजायचा. तेही सांगितलं. मग मी म्हणालो, "म्हणून बटणात मी कागद खोचला. बझर वाजला नाही आणि मी भोंगा दिला नाही. तुझी आई भोंग्याची वाट बघत वाफ्यात उभी राहिली."

उत्कर्षाचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. डॉक्टरांनी पेन उचललं आणि तिला विचारलं, वडील काय म्हणाले?

तिने त्यांना काहीच सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.